बायोलॉइड प्रीमियम: चालतो झकास, पण गुण नुसत्या चालण्याचे नाहीत

रोबोटिस या कोरियन कंपनीचा बायोलॉइड प्रीमियम संच आज दुकानापेक्षा इंजिनिअरिंग कॉलेजच्या कपाटात जास्त सापडतो. कधीतरी अनुदान आलं, लॅबसाठी एक-दोन संच घेतले, वार्षिक प्रदर्शनात तो टाळ्या घेऊन नाचला आणि पुन्हा डब्यात गेला. मग कुणाला तरी चालत्या रोबोच्या स्पर्धेत उतरायचं असतं आणि प्रश्न येतो: एवढा तयार दोन पायांचा रोबो पडून आहे, तोच नेला तर?

याचं उत्तर रोबोकडे बघून मिळत नाही, नियमपुस्तक उघडावं लागतं. म्हणून हे परीक्षण संच एका हातात आणि रोबोंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या ‘फिरा’ संघटनेच्या ह्युरोकप या माणसासारख्या रोबोंच्या स्पर्धेचे नियम दुसऱ्या हातात ठेवून केलं आहे. जिथे फरक पडतो तिथे रोबोकप या रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेतल्या ह्युमनॉइड लीगचाही दाखला दिला आहे. दोन्हीकडे मूळ अट एकच: शिट्टी वाजल्यावर रोबोने स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं, स्वतः चालायचं. रिमोट नाही, बाजूच्या लॅपटॉपवरून इशारे नाहीत. बालेवाडीत रोबोकॉन ही कॉलेजांची रोबो-स्पर्धा बघत वाढलेल्या पुण्याच्या मुलांनी एक ध्यानात ठेवावं की हे प्रकरण वेगळं आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय (एबीयू) रोबोकॉनमध्ये, मंगोलियात उलानबातरला, दुसरा रोबो चार पायांचा आणि स्वयंचलित हवा होता. तिथे यंत्र मुळापासून बांधायचं असतं आणि नियम दरवर्षी नवा खेळ घेऊन येतात. इथे खेळ बहुतेक तेच असतात, आकडे बदलतात. त्यामुळे मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबून रोबो बांधू नका.

संचात मुख्य माल म्हणजे १८ एएक्स-१२ए मोटरी. सोबत सीएम-५३० हा नियंत्रक, ११.१ व्होल्ट १००० एमएएचची लिपो बॅटरी, दोन अक्षांचा जायरो (वळण्या-झुकण्याचा वेग मोजणारा सेन्सर), इन्फ्रारेडवर चालणारे अंतर मोजणारे सेन्सर आणि आरसी-१०० रिमोट. प्लॅस्टिकच्या चौकटी आणि २ मिमीचे स्क्रू इतके, की जोडणाऱ्याची बोटं दुखतील. १८ सांध्यांचा पूर्ण माणूस, म्हणजे ‘टाइप ए’, जोडायला नवख्या दोघांना दोन दिवस धरा. घाई केली तर चूक हमखास एकाच जागी होते: मोटरीच्या हॉर्नवरची, म्हणजे फिरणाऱ्या चकतीवरची, खूण आणि बॉडीवरची खूण न जुळवता हॉर्न बसवला जातो. एएक्स-१२ए ३०० अंशांत फिरते, आकडे ० ते १०२३, मध्य ५१२. हॉर्न चुकीच्या कोनात बसला की ५१२ ला पाय सरळ उभा राहण्याऐवजी बाहेर फेकला जातो, आणि पहिल्याच आज्ञेला गुडघा चौकटीवर आदळतो. म्हणून अंगावर चढवण्याआधी प्रत्येक मोटर ५१२ वर नेऊन ठेवावी. अठरा वेळा तेच करायचा कंटाळा येतो, पण पर्याय नाही.

सपाट, कडक जमिनीवर हा रोबो खरंच छान चालतो. कंपनीने दिलेली चाल टाकली, जायरोचं संतुलन सुरू केलं की पहिल्या संध्याकाळी तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. या किमतीच्या आणि या उंचीच्या संचात हे सोपं नसतं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. कुरकुर सुरू होते ती पंचांनी घड्याळ हातात घेतल्यावर.

स्प्रिंट घ्या. ह्युरोकपमध्ये रोबोने ३ मीटर पुढे जायचं आणि तेवढंच अंतर उलट्या पावलांनी मागे यायचं. एक पाऊल ४ सेंमीचं धरलं तर एका फेरीत ७५ पावलं. मोटरीच्या दात्यांत खेळ असतो, डावा-उजवा पाय कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक पावलाला अर्धा अंश जरी एकीकडे वळलं तरी ७५ पावलांनी रोबो ३७ अंश तिरका झालेला असतो, म्हणजे पट्ट्याबाहेर. संचातला जायरो हे सुधारू शकत नाही, कारण तो पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे झुकण्याचा वेग मोजायला बसवलेला असतो, दिशेचा नाही. समोर कॅमेऱ्याला दिसेल अशी खूण पकडून चाल सतत दुरुस्त करणं हाच मार्ग. उलटं चालणं तर आणखी वैतागाचं. मूळ चालीत धड किंचित पुढे झुकवलेलं असतं. तीच चाल उलटी फिरवली तर टाच रेंगाळते आणि रोबो बुडावर बसतो. मागे येताना धडाचा झोक २ ते ३ अंश कमी करा, पाऊल निम्मं करा, आणि ही वेगळी चाल समजूनच तिला वेगळा वेळ द्या. ज्यांचं पुढे जाणं वेगवान आणि मागे येणं डळमळीत, त्यांची पुढची कमाई वाया जाते. पूर्ण न झालेल्या फेरीला वेळच नसतो.

मॅरेथॉनमध्ये हा संच आश्चर्यकारकरीत्या बरा उतरतो. ह्युरोकपची मूळ मॅरेथॉन ४२.१९५ मीटरची, माणसांच्या मॅरेथॉनचा हजारावा भाग. ४ सेंमीच्या पावलाने ही साधारण १०५५ पावलं होतात. सेकंदाला दोन पावलं पडली तर ८ सेंमीचा वेग, म्हणजे पावणेनऊ मिनिटं. बॅटरीचं गणित बघा. एएक्स-१२ए नुसती चालू ठेवली तरी सुमारे ५० मिलिअँपिअर खाते, अठरा मोटरींचे ०.९ अँपिअर. चालताना सरासरी ३ ते ४ अँपिअर धरले तर १००० एमएएचची बॅटरी १५ ते २० मिनिटं पुरते. कागदावर भरपूर वाटतं. पण कपाटात तीन वर्षं पडलेली लिपो तिच्या छापील क्षमतेच्या जवळपासही नसते, आणि पोट फुगलेली असेल तर ती चार्जरला लावायचीच नाही. नवी घ्या. ११.१ व्होल्टची बॅटरी १० व्होल्टखाली जाऊ देऊ नका, नाहीतर ती पुढच्या सामन्याला उभी राहणार नाही.

मॅरेथॉनमध्ये खरा शत्रू बॅटरी नाही, उष्णता आहे. एएक्स-१२एची तापमानमर्यादा कारखान्यातून ७० अंशांवर लावलेली असते. ती ओलांडली की मोटर स्वतःला बंद करते, दिवा लुकलुकतो आणि त्या पायातला जीव जातो. सर्वांत आधी तापतात गुडघे, म्हणजे टाइप एमध्ये १३ आणि १४ क्रमांकाच्या मोटरी. कारण साधं आहे. कंपनीच्या चालीत रोबो सतत गुडघे वाकवून चालतो. एका पायावर असताना १.७ किलोच्या रोबोचा भार गुडघ्यापासून ३ सेंमी मागे पडला तर गुडघ्यावर ५ किलो-सेंमी टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो. मोटरीचा अडकल्यावरचा टॉर्क १२ व्होल्टला १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे १५ किलो-सेंमी. तो आकडा मिरवायचा, वापरायचा नव्हे. सतत चालताना त्याचा तिसरा हिस्साही जास्तच. म्हणजे संच मुळातच काठावर आहे. उपाय: उभं राहण्याची उंची थोडी वाढवा, गुडघा जितका सरळ तितका गार. आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमानाचा ४३ क्रमांकाचा रजिस्टर (मोटरीच्या आतला आकड्यांचा कप्पा) वाचून ६० अंशांला रोबोने स्वतःच वेग कमी करावा असं प्रोग्रॅममध्ये लिहा. हळू चालून शर्यत पूर्ण करणारा रोबो थांबलेल्या रोबोच्या पुढेच असतो.

वजन उचलण्याच्या प्रकारात मजा आहे. दांड्याला सीडीच्या चकत्या लावलेल्या असतात. रोबोने तो दांडा उचलून काही अंतर चालायचं, मग डोक्यावर धरून पुढे जायचं. जितक्या चकत्या तितका वरचा क्रमांक. एक सीडी साधारण १५ ग्रॅमची. वीस चकत्या म्हणजे ३०० ग्रॅम, आणि हे वजन डोक्यावर गेलं की रोबोचा गुरुत्वमध्य एकदम वर सरकतो. बायोलॉइडचा खांदा दोनच मोटरींचा, कोपर एका मोटरीचं, बोटं नाहीत. हातातल्या पकडीसाठी चौकटीच्या जागी स्वतः कापलेला अॅल्युमिनिअमचा आकडा लावावा लागतो. एवढा बदल चालतो का ते त्या वर्षीच्या नियमांत बघून घ्या. १५ सेंमीच्या हातावर ३०० ग्रॅम, दोन हातांत वाटले तर प्रत्येक खांद्यावर २.२५ किलो-सेंमी. म्हणजे खांदे टिकतात. पडतो तो घोट्यामुळे, कारण संतुलनाची चाल रिकाम्या हातांसाठी जुळवलेली असते. चकत्या वाढवताना चालीची गती कमी करा आणि डावी-उजवीकडची डोल थोडी वाढवा. ज्यांच्याकडे फक्त हा संच आणि थोडे दिवस आहेत त्यांनी याच प्रकारावर जोर द्यावा. इथे बघण्याचं काम कमी आणि चालण्याचं जास्त.

अडथळ्यांची शर्यत मात्र या संचाला उघडं पाडते. निळ्या भिंतींना धक्का लागू द्यायचा नाही, पिवळे खड्डे म्हणजे जमिनीवरचे पिवळे तुकडे, त्यांत पाय टाकायचा नाही, लाल कमानीखालून वाकून किंवा रांगत जायचं. संचात कॅमेरा नाही आणि साध्या कॅमेऱ्याचं चित्र सीएम-५३० ला समजत नाही. अंतर मोजणाऱ्या सेन्सरला भिंत कळेल, पण जमिनीवर सपाट पडलेला पिवळा रंग कसा कळणार? रोबोकपच्या ह्युमनॉइड लीगमध्ये तर प्रश्नच नाही: माणसाला नसलेली इंद्रियं चालत नाहीत, म्हणून इन्फ्रारेड, अल्ट्रासॉनिक, लेझर सगळं बाद. संचासोबत आलेले ते सेन्सर तिथे तपासणीच्या टेबलावरच काढून ठेवावे लागतात.

म्हणजे डोळे आणि मेंदू वेगळे आणायचे. दोन रस्ते आहेत. पहिला आळशांचा, पण चांगला: सीएम-५३० तसाच ठेवायचा आणि पाठीवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि कॅमेरा बसवायचा. हा संगणक सीएम-५३० शी आरसी-१०० रिमोटच्या भाषेत बोलतो. ही भाषा सहा बाइटची आहे: २५५, ८५, मग बटणाचा खालचा बाइट, त्याचा उलटा, वरचा बाइट, त्याचा उलटा, वेग ५७६००. वरचं बटण १, खालचं २, डावं ४, उजवं ८, पुढे १६, ३२ असे दुप्पट होत जातात. म्हणजे कॅमेऱ्याला डावीकडे भिंत दिसली की संगणक ‘उजवं बटण दाबलं’ असं खोटंच सांगतो आणि तयार चाल चालू होते. चालीचा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागत नाही. फक्त खरा रिमोट आणि त्याचा वायरलेस तुकडा तपासणीआधी काढून घरी ठेवा. स्वयंचलित म्हणवणाऱ्या रोबोच्या पाठीवर वायरलेस लटकताना दिसला की पंचांचं लक्ष चालीवरून उडतं.

दुसरा रस्ता सीएम-५३० काढून त्या संगणकावरून थेट मोटरी चालवण्याचा, यू२डी२ सारख्या यूएसबी जोडणीने. चाल पूर्ण आपल्या हातात येते. पण मग संप्रेषणाचा वेळ मोजावा लागतो. एका मोटरीला ‘कुठे आहेस’ विचारायला ८ बाइट जातात, ८ येतात. १ एमबीपीएसला १६० मायक्रोसेकंद. त्याशिवाय प्रत्येक मोटर उत्तर देण्याआधी मुद्दाम थांबते. ही थांबण्याची वेळ कारखान्यातून ५०० मायक्रोसेकंद असते. अठरांना विचारलं की १२ मिलिसेकंद निव्वळ चौकशीत गेले. ५ क्रमांकाच्या रजिस्टरात २५० आहे ते शून्याजवळ आणा, तेच काम ३ मिलिसेकंदांत होतं. आज्ञा पाठवताना मात्र एकेकाला न पाठवता सिंक राइटने सगळ्यांना एकाच पॅकेटमध्ये पाठवा. एएक्स-१२एला सगळ्यांकडून एकदम वाचून घेणारी बल्क रीडची सोय नाही, ती या कंपनीच्या महागड्या मोटरींत आहे. डार्विन-ओपी या याच कंपनीच्या रोबोचा, म्हणजे मोठ्या भावाचा, खुला प्रोग्रॅम घ्यायचा मोह होईल. घ्या, पण त्यातले आकडे नका घेऊ. त्याच्या एमएक्स-२८ मोटरींत पीआयडी (चूक बघून जोर आपोआप जुळवणारं नियंत्रण) आहे, एएक्स-१२एमध्ये फक्त कंप्लायन्सचा उतार, म्हणजे सांधा किती कडक ठेवायचा तो आकडा. तो मूळ ३२ असतो. १६ केला की सांधा कडक होतो, ८ केला की थरथरतो. घोट्यांना १६ आणि बाकी ठिकाणी ३२ इथून सुरुवात करावी.

या संगणकाला वीज देण्याचं काम स्वस्तात उरकू नका. त्याला ५ व्होल्ट स्थिर हवेत आणि रास्पबेरी पाय-४ असेल तर ३ अँपिअरपर्यंत. रोबो पडून उठताना सगळ्या पायांच्या मोटरी एकदम ओढतात, बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो, आणि व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर हलका असेल तर संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बाहेरून दिसतं असं की रोबो उठला आणि अर्धा मिनिट शुंभासारखा उभा राहिला. ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर आणि त्याच्या आत येणाऱ्या बाजूला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असला माल मिळतो.

उठणं हा स्वतंत्र विषय आहे, कारण पडलेला रोबो हाताने उभा केला की वेळ किंवा अख्खा प्रयत्न जातो. कंपनीने उठण्याच्या हालचाली दिल्या आहेत, पुढून आणि मागून. पाठीवर संगणक, कॅमेरा, कन्व्हर्टर असं २०० ग्रॅम सामान चढवलं की त्या चालत नाहीत. उकिडवं बसून उठताना मांडी आडवी असते. दोन गुडघ्यांवर निम्मं-निम्मं वजन, ७ सेंमीचा हात: १.९ किलोला प्रत्येकी साडेसहा किलो-सेंमी, आणि झटक्याने उठलं तर त्याहून बरंच. मग ओव्हरलोड. इथे एक बारकावा नवख्यांना दिवसभर छळतो: ओव्हरलोडने मोटर बंद पडली की तिच्यातली टॉर्क मर्यादा, रजिस्टर ३४, शून्य होते. कारण दूर झालं तरी ती आपोआप परत येत नाही. टॉर्क चालू करण्याची आज्ञा शंभरदा पाठवा, सांधा लोंबकळतच राहतो. ३४ मध्ये पुन्हा १०२३ लिहावं लागतं. ही ओळ उठण्याच्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच असू द्या, आणि उठण्याची हालचाल दीडपट सावकाश करा. कुठल्या कुशीवर पडलाय ते कळायला त्वरणही मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर लावा; जायरो एकटा ते सांगू शकत नाही.

रोबोकपचं स्वप्न असेल तर तीन गोष्टी आधी तपासा. उंची: किडसाइज गटाला किमान ४० सेंमी लागतात आणि टाइप ए अगदी त्या काठावर आहे, म्हणून मोजपट्टी लावून बघा. तळवा: त्याचं क्षेत्रफळ एका सूत्रात बसलं पाहिजे, गुरुत्वमध्याची उंची गुणिले २.२, त्याचा वर्ग, भागिले ३२. गुरुत्वमध्य २० सेंमीवर असेल तर साडेसाठ चौरस सेंमी. लांबी रुंदीच्या अडीच पटीहून जास्त नको. पाठीवर सामान चढवल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि तळव्याला मुभा वाढते, हा एकमेव फायदा. तिसरी गोष्ट या दोन्हींवर पाणी फिरवते: मैदानावर ३० मिमीचं कृत्रिम गवत असतं. पाऊल २-३ सेंमी उचलणारा हा रोबो त्यात बुडतो. पाऊल जास्त उचलावं तर एका पायावरचा वेळ वाढतो, आणि खुब्याच्या मोटरीत एक अंशाचा खेळ असला तरी २० सेंमी खाली तळवा साडेतीन मिमी हलतो. गवतासाठी हा संच नाही. ह्युरोकपसाठी मात्र विचार करण्यासारखा आहे.

सुट्या मोटरी चार तरी हव्यात, आणि नव्या मोटरीचा पत्ता बदलल्याशिवाय ती लावू नका. प्रत्येक नवी एएक्स-१२ए १ क्रमांकाची येते आणि १ हा उजवा खांदा. गुडघ्यात तशीच बसवली तर हात वर करायची आज्ञा गुडघाही ऐकतो. विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घ्या, टर्मिनलला चिकटपट्टी लावून, प्रत्येकी ११.१ वॉट-तास, म्हणजे १०० च्या मर्यादेच्या खूप आत.

आता कपाटातला संच. तो घेण्याआधी प्रत्येक मोटर एकेक जोडून बघा, हॉर्न हाताने हलवून खेळ तपासा, घोट्याच्या १७ आणि १८ ला रोबो उठत असताना रजिस्टर ४२, म्हणजे मोटरीला मिळणारा व्होल्टेज, वाचा. तिथे बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त घसरण दिसली तर मांडीतून जाणारी केबल बदला, ती गुडघ्याच्या घडीत झिजलेली असते. आणि दोन संचांतून एक निवडायचा असेल, एकाच्या सगळ्या मोटरी सारख्याच जुन्या आणि दुसऱ्याच्या १३ आणि १४ तेवढ्या नव्याकोऱ्या, तर दुसरा घ्या. तो खरोखर चाललेला आहे.